अठरावी अट

"आज चाळीस लाव गं, बाजार आहे," दादा म्हणाले आणि परवान्यांचं पुस्तक माझ्या पुढ्यात टाकून आंघोळीला गेले.

मी चहाचा कप बाजूला सारला आणि पेन उघडलं. सकाळचे नऊ वाजले असतील. आमचं परमिट रूम उघडायचं अकराला. म्हणजे त्या मंगळवारी कोण पिणार हे अजून पिणाऱ्यालासुद्धा ठाऊक नव्हतं, आणि इकडे मी त्यांची नावं लिहायला घेतली होती. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा मलाही याचं हसूच यायचं.

दादा म्हणजे माझे वडील, भगवान खराडे. शिरवलीच्या स्टँडसमोर 'चांदणी परमिट रूम' होतं ते आमचं. मी दहावीत असताना आई गेली, घरात आम्ही दोघंच. मी बी.ए. होऊन घरी बसलेली, वय एकवीस, जीभ तिखट. दादा चौथी शिकलेले. दारू विकायचा परवाना सरकार देतं, पण त्याला अटी असतात, आणि त्या काचेच्या फ्रेममध्ये गल्ल्यामागच्या भिंतीवर लावाव्या लागतात. आमच्या फ्रेममध्ये सतरा अटी होत्या. दादा आठ वर्षं त्या फ्रेमला रोज उदबत्ती ओवाळत होते, पण त्यात लिहिलंय काय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं.

"अनुज्ञप्तीधारक म्हणजे कोण गं?"

"तुम्ही."

"मग खराडे लिहायला काय होतं ह्यांना?"

असं एकेक करत मी त्यांना सगळ्या समजावल्या. दार किती वाजता उघडायचं, किती वाजता लावायचं, कुठल्या दिवशी बंद ठेवायचं, कुणाला द्यायची नाही. मला सगळ्या तोंडपाठ झाल्या. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, "आमच्या हेमाला विचारा. इन्स्पेक्टरला येत नाहीत एवढ्या अटी तिला येतात." मलाही बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

सहावी अट मोठी विनोदी होती. विकणाऱ्याकडे परवाना हवाच, पण पिणाऱ्याकडेही हवा. त्याच्याकडे नसला तर आम्ही त्याला एका दिवसाचा परवाना फाडून द्यायचा, त्याला समोर उभं करून, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव विचारून. अर्धा भाग त्याला, अर्धा पुस्तकात. आता शिरवलीसारख्या गावात कोण आपलं नाव सांगेल? एकाने दादांना सुनावलं होतं, "शेठ, मी क्वार्टर मागतोय, तुमची मुलगी मागत नाहीये. नाव-गाव कशाला पाहिजे?"

म्हणून नावं मी लिहायची, घरी बसून, मनाने. पहिले काही महिने सुचतील ती लिहिली. मग सुचेनाशी झाली. एकदा इन्स्पेक्टर पुस्तक चाळून म्हणाला, "तुमच्याकडे सगळे पांडुरंगच येतात वाटतं?" त्या दिवशी माझी नजर स्वयंपाकघरातल्या तारेवर गेली. खिळ्याला अडकवलेल्या त्या तारेत वर्षभराच्या लग्नपत्रिका ओवलेल्या होत्या. आणि पत्रिकेत काय नसतं? वडील, चुलते, मामा, निमंत्रक, विनीत, सगळी पूर्ण नावं, गावासकट, छापील. एक पत्रिका काढायची आणि वरून खाली उतरवत जायचं. अर्ध्या तासात चाळीस माणसं तयार. दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. आता विचार केला की ती थाप अजून दुखते.

त्या मंगळवारी मी तारेतून जी पत्रिका ओढली ती इथाप्यांची होती.

शंकर इथापे गावातल्या शाळेच्या बसवर ड्रायव्हर होता. पंधराएक दिवसांपूर्वी तो बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला होता. परमिट रूमच्या पायरीपाशीच थांबला आणि दादांना त्याने बाहेर बोलावलं. "शेठ, मी आत येत नाही, राग मानू नका. वडील ह्यातच गेले माझे. पण तुम्ही सहकुटुंब यायचं." दादांच्या हातात अक्षता ठेवल्या आणि नमस्कार करून गेला. मी तेव्हा दादांचा डबा घेऊन आले होते, म्हणून मला हे माहीत. आम्ही काही लग्नाला गेलो नाही. पत्रिका तारेत गेली.

मी लिहिलं, शंकर यशवंत इथापे, मु. पो. मोरवाडी, हल्ली मुक्काम शिरवली, शाळेमागे. पुढच्या पानावर मारुती यशवंत इथापे. मग चुलते, मग मामा. कोण कुठला, मेलेला की जिवंत, काही बघितलं नाही. चाळीस झाली, पुस्तक मिटलं, भाजी चिरायला घेतली.

त्याच दुपारी साडेतीनला शाळेची बस ओढ्याच्या पुलावर कठड्याला धडकून कलंडली. अकरा मुलांना लागलं. सावंतांच्या पाचवीतल्या मुलाचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. इथापेच्या डोक्यातून रक्त वाहत होतं तरी त्याने एकेक मूल खिडकीतून बाहेर काढलं, असं लोक सांगत होते. ब्रेक लागले नाहीत, एवढंच तो म्हणत होता. त्या दिवशी त्याच्या तोंडाचा वास कुणी घेतला नाही, कारण तसा संशयच कुणाला आला नाही. मी ऐकलं, चुकचुकले, देवापुढे दिवा लावला. सकाळी हेच नाव आपण लिहिलंय हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

शनिवारी दुपारी दादा आत जेवत होते आणि मी गल्ल्यावर बसले होते. कोपऱ्यातल्या टेबलाशी वाघचौरे बसले होते, शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सेक्रेटरी. रोजचं गिऱ्हाईक. त्यांची दारू आम्ही चहाच्या कपात द्यायचो, बशीसकट, म्हणजे बाहेरून कुणी बघितलं तर साहेब चहा घेतायत. आठ वर्षांत त्यांचं नाव आमच्या पुस्तकात एकदाही आलेलं नाही. जे प्यायचे त्यांची नावं पुस्तकात नव्हती आणि ज्यांची होती ते कधी आलेच नव्हते, असा आमचा कारभार.

"हेमा, मंगळवारचं पुस्तक आहे का गं? दे बघू," ते म्हणाले.

मी दिलं. कधी कुणी मागितलं नव्हतं, पण साहेबांना नाही कसं म्हणायचं? त्यांनी बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटलं. कशाला बघत होते देव जाणे. ड्रायव्हरच्या नावाशी जुळणारं कुठलंही नाव मिळालं तरी चाललं असतं त्यांना, असं मला आता वाटतं. ब्रेकची तक्रार इथापेने तीन वेळा लेखी दिली होती, हे सगळ्या गावाला नंतर कळलं. त्यांना त्या दिवशीच माहीत होतं.

एका पानावर ते थांबले. हसले. मग कप उचलून एक घोट घेतला.

"शेठ! बाहेर या जरा. मंगळवारी इथापे आला होता?"

दादा हात पुसत आले. "कोण, ड्रायव्हर? छे हो! तो पायरी चढत नाही आपली."

"मग हे काय आहे?"

दादांनी पान बघितलं, मग माझ्याकडे.

वाघचौरे अगदी सावकाश बोलले. "पुस्तक खरं असेल तर इथापे पिऊन गाडीवर बसला. पुस्तक खोटं असेल तर तुमचा परवाना जातो. दोन्हीतलं एक काय ते सांगा. घाई नाही, माझं अजून संपायचंय."

फेब्रुवारी चालू होता. मार्चअखेर परवान्याचं नूतनीकरण. त्याआधीच्या वर्षी दार उशिरा लावल्याबद्दल एक नोटीस येऊन गेली होती, दुसरी आली असती तर संपलंच. दादा काहीतरी बोलणार एवढ्यात मी बोलले.

"पुस्तक खरं आहे."

"नक्की?"

"माणूस समोर असल्याशिवाय नाव लिहायचं नाही, अशी अटच आहे. सहावी. वाचा ना, वर लावलीय."

"शाब्बास," वाघचौरे म्हणाले. पुस्तक घेऊन शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले, त्या एकाच पानाची प्रत काढली आणि पुस्तक परत आणून दिलं. कपातलं उरलेलं संपवलं आणि गेले.

दोन दिवसांत गावभर झालं. इथापे प्याला होता. कालपर्यंत त्याला देवमाणूस म्हणणारे त्याच्या दारावर थुंकून गेले. सावंतांच्या बाईने भर रस्त्यात त्याच्या थोबाडीत मारली, आणि तो उभा राहिला म्हणे, हातसुद्धा आडवा न घालता. शाळेने चौकशी लावली आणि तोवर त्याला घरी बसवलं.

दादा रात्री जेवेनात. "हेमा, वाईट झालं गं. पाप लागेल."

"मग करा दुकान बंद," मी ताट आपटून म्हणाले. "जा, सांगा सगळ्यांना की पोरीने मनाची नावं लिहिली. मग दोघं मिळून स्टँडवर शेंगा विकू."

दादांनी आपलं ताट उचलून मोरीत ठेवलं. माझ्यासमोर त्यांचं कधीच चालायचं नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी परसदारी कुणीतरी कडी वाजवली. दादा न्हाणीघरात होते. मी त्या दिवसाची नावं लिहीत बसले होते, कुठल्या तरी शेलारांची पत्रिका पुढ्यात. ती पटकन पाटाखाली सारली आणि दार उघडलं. दारात एक बाई. पदर डोक्यावरून घेतलेला, पायांत चप्पल नाही.

"मी अंजना. इथापे ड्रायव्हरची मंडळी."

मी "या" म्हणाले नाही. ती आपणच आत येऊन उंबऱ्याजवळ टेकली. कमरेच्या पिशवीतून तिने दोन कागद काढले. एक झेरॉक्स. दुसरी पिवळ्या रंगाची पत्रिका, आमच्या तारेतल्यासारखीच.

"ताई, मी दुसरीच शिकले. पर ह्ये बघा. चौकशीत ह्यांना ह्यो कागद दिला. ह्यात लिवलंय, हल्ली मुक्काम शिरवली, शाळेमागे. आमी कधीच असं लिवत न्हाई. शाळेच्या कागदावर बी नुसतं मोरवाडीच हाय. हल्ली मुक्काम आमी येकदाच छापलं, ह्या पत्रिकेत, पावण्यांना घर घावावं म्हून."

मी पाटाखालची पत्रिका पायाने आणखी आत सारली.

"मग मी म्हनलं, नाव जर ह्या पत्रिकेतनंच घेतलं असंल, तर त्याच्या म्होरं माझ्या दिराचं बी नाव असंल. बघा की, पत्रिकेत ह्यांच्या खाली तेच हाय, मारुती. आनि त्यो तर फौजेत हाय, ताई. आसामात. लग्नाला बी रजा न्हाई मिळाली त्याला. त्यो कसा यील हितं प्यायला?" ती पुढे सरकली. "मला तुमचं काय बी नगं. कुनी लिवलं, का लिवलं, इचारणार न्हाई. फकस्त म्होरचं पान बघू द्या. येकच पान. त्याची झेरॉक काढून देते मी सायबांना. परवा निकाल हाय त्यांचा."

पुस्तक तिच्यापासून दोन हातांवर होतं. भरून संपलेली पुस्तकं फळीवर पिठाच्या डब्याखाली असायची, आणि मंगळवारचं सगळ्यात वर होतं. उठून हात वर करायचा, एवढंच काम होतं.

तिने जे शोधलं होतं ते ना वाघचौऱ्यांच्या डोक्यात आलं होतं, ना इन्स्पेक्टरच्या, ना माझ्या. दुसरी शिकलेल्या बाईने. खरं सांगते, भीतीपेक्षा मला त्याचाच राग आला.

"पुस्तक असं कुणालाही दाखवता येत नाही," मी म्हणाले.

"येकच पान, ताई."

"एक काय नि चाळीस काय. परवान्याची अट आहे. सरकारी अट. अधिकारी सोडून कुणाला दाखवलं की परवाना रद्द होतो."

तिने माझ्याशी भांडायला हवं होतं. मला ढकलून पिठाचा डबा खाली पाडायला हवा होता. पण 'सरकारी अट' म्हटल्यावर तिच्या अंगातलं वारंच गेलं.

"सरकारचंच तसं असंल तर आपुन काय बोलनार," ती म्हणाली. दोन्ही कागद तिने नीट घडी करून पिशवीत ठेवले. "तुमी शिकलेल्या हाय."

"चहा घेता का?" मी विचारलं. लाज नावाची चीज नव्हती मला.

"नगं," म्हणाली आणि गेली.

मी वळले तर न्हाणीच्या दारात दादा, ओल्या अंगाने, पंचा गुंडाळून. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"हेमा, अशी अट आहे?"

"आहे."

"मला कधी सांगितली नाहीस ती."

"सगळ्या सांगितल्या तर तुमच्या डोक्यात राहतात का?"

"तेही खरंच," दादा म्हणाले. मग पंच्याने तोंड पुसत म्हणाले, "मी बाहेर येऊन म्हणणारच होतो, घे बाई, बघ. जाईना का परवाना. काय, शेंगाच विकायच्या ना? पण सरकारी अट म्हटल्यावर इलाज नाही. बरं झालं तू होतीस."

अशी अट नव्हती. सतराच्या सतरा मला तोंडपाठ होत्या, त्यांत पुस्तक लपवा असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. उलट पुस्तक उघडं ठेवा म्हणून होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पुस्तक बंबात घातलं. दादांना त्या दिवशी पाणी छान कढत मिळालं, तसं ते म्हणालेसुद्धा.

इथापेची नोकरी गेली. ब्रेकचं नाव कुणी काढलं नाही, नवी बस आली, वाघचौरे चहाचा कप घेऊन बसायचे तसेच बसत राहिले. मार्चअखेर आमचा परवाना नवा झाला. दादांनी फ्रेमची काच बदलून घेतली.

एप्रिलमधली गोष्ट. दुपारचे बारा वाजले असतील. दादा गल्ल्यावर, मी डबा घेऊन आलेली. पायरीशी इथापे उभा. कपाळावर टाक्यांचा व्रण, अंगावर कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये पोती उचलून मळलेला सदरा. मला वाटलं, दादांना बाहेर बोलावेल. पण त्याने चपला काढल्या, देवळात शिरताना काढतात तशा, आणि आत आला.

दादा उठून उभे राहिले. "ये, इथापे. काय... काय देऊ?"

"काही नको, शेठ. त्या अटी वाचायच्यात जरा. लावल्यात ना भिंतीवर?"

"आहेत की. वाच, वाच."

तो गल्ल्याच्या बाजूने मागे आला आणि फ्रेमसमोर उभा राहिला. काचेवर बोट ठेवून वाचू लागला. मोठ्याने नाही, पण ओठ हलत होते. एक अट झाली की बोट खाली. टेबलांवरची माणसं ग्लास हातात धरून बघत होती. पुरी दहा मिनिटं गेली. मी डब्याची कडी धरून उभी होते. शेवटच्या ओळीपर्यंत गेला, परत वर आला, आणि पुन्हा एकदा खालपर्यंत. मग वळला.

"ताई, पुस्तक कुणाला दाखवायचं नाही, ती अट कितवी?"

दादाच सुटल्यासारखे पुढे झाले. त्या माणसाला सांगण्यासारखी तेवढी एकच गोष्ट त्यांच्याकडे होती.

"आहे, आहे. तुझ्या मंडळीला सांगितलं तेच ना? मीसुद्धा विचारलं होतं. आमच्या हेमाला सगळ्या पाठ आहेत. सांग गं, कितवी?"

दोघेही माझ्याकडे बघत होते.

"अठरावी," मी म्हणाले.

"सतराच आहेत, ताई."

"मागच्या बाजूला असेल," दादा म्हणाले. "कागद मोठा होता, दुमडून बसवलाय. थांब, फ्रेमच उतरवतो." आणि खरंच स्टूल ओढून वर चढायला लागले. साठीला आलेला माणूस, गुडघे धरलेले.

इथापेने त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याच्या तोंडावर राग यायला लागला होता, तो आला आणि तिथेच थांबला. अशी अटच नाही हे दादांना ठाऊक नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. आता एक शब्द तो बोलला असता तर दादांच्या देखत मी संपले असते. मी वाट बघत होते.

त्याने दादांचा हात धरून त्यांना स्टुलावरून खाली घेतलं.

"राहू द्या, शेठ. पडाल. ताई म्हणतात म्हणजे असेल."

चपला घालून तो पायरी उतरला. पुढच्या महिन्यात तो बायको-मुलांना घेऊन मोरवाडीला गेला, नंतर मला कधी दिसला नाही.

"भला माणूस," दादा म्हणाले. "किती समजून घेतलं बघ." आणि जेवायला बसले.

दादा आणखी चौदा वर्षं जगले. शेवटपर्यंत कौतुकाने सांगायचे, इतर दुकानांना सतरा अटी असतात, आमच्या चांदणीला अठरा होत्या, आणि आमच्या हेमाला सगळ्या पाठ होत्या. मी शेजारी बसून ऐकायची.